उठून जायची जागा

कोल्हापुरात नव्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही अजूनही थेटरं सांगतो. उमा टॉकीज चौकातनं सरळ या, पार्वती टॉकीजच्या सिग्नलला वळा, नाहीतर व्हीनस कॉर्नरला उतरा आणि फोन करा. व्हीनस हे एका थेटराचं नाव होतं हे तिथं रोज रिक्षातनं उतरणाऱ्या कॉलेजच्या पोरांना सांगितलं, तर ती ‘हो का’ म्हणतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये मान घालतात. त्यांचंही बरोबर आहे. न बघितलेल्या थेटराचं कौतुक किती करायचं?

तर अशा या गावातल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्ये एक टूम निघाली. प्रत्येकानं आपले आवडते सिनेमे लिहायचे आणि ते का आवडतात ते दोन ओळींत सांगायचं. एरवी ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाचा निरोप याशिवाय काही नसतं, त्यामुळं सगळ्यांना हुरूप आला. धडाधड याद्या पडल्या. ‘शोले’ जवळजवळ सगळ्यांच्यात. मीही लिहायला बसले: ‘साधी माणसं’, ‘संत तुकाराम’, ‘सामना’, ‘श्वास’, ‘फँड्री’. नावं पटकन आली, ‘का’पाशी गाडी अडली. उत्तम दिग्दर्शन, कसदार अभिनय असं काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं. ते खोटं नव्हतं. पण या सिनेमांशी माझं नातं त्याच्यामुळं जुळलेलं नाही.

मग लक्षात आलं की या यादीतल्या प्रत्येक सिनेमात एक अशी जागा आहे, जिथं आमच्या घरातलं कुणी ना कुणी उठून जातं. पाणी प्यायला, वाळत घातलेले कपडे काढायला, मोटार सुरू करायला. निमित्त काहीही असेल, जागा मात्र ठरलेली. आमच्या घरात मनातलं बोलून दाखवायची रीत नव्हती, आजही फारशी नाही. कुणाला कुठं दुखतं हे कळायचं तर तो माणूस सिनेमातनं कधी उठतो ते बघायचं. ‘शोले’मधनं आमच्याकडं कधी कुणी उठलं नाही. म्हणून तो आवडला सगळ्यांना, पण आमचा झाला नाही.

आबांपासून सांगते. आबा म्हणजे माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मूळचे आम्ही राधानगरीकडचे, गावात लोहारकी. आजोबांचा भाता, ऐरण आणि वर्षाला बलुत्याचं धान्य, त्यात पोरांची पोटं भरेनात म्हणून आबा कोल्हापूरला आले. ऑइल इंजिनांचे सुटे भाग, पंपांचे भाग, जे येईल ते टर्निंग करायचे. संध्याकाळी घरी आले की रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसायचे, मग साबण लावायचे, तरी नखांच्या कडांना काळं राहायचंच. ते हात घेऊन लग्नाकार्यात कुणाला नमस्कार करायचा म्हणजे त्यांना अवघड व्हायचं. तळवे पुरते मिटत नसत त्यांचे.

‘साधी माणसं’ आम्ही गणपतीत बघितला. तेव्हा पेठेतली मंडळं रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमे दाखवायची. पडदा रस्त्याच्या मधोमध, त्यामुळं लोक दोन्ही बाजूंना बसायचे. अलीकडच्या बाजूला आधी आलेले आणि मंडळाच्या ओळखीचे, पलीकडच्या बाजूला उरलेले. पलीकडून चित्र दिसायचं तितकंच स्पष्ट, फक्त उलटं. नावं उलटी यायची ती वाचायचा आम्हा पोरांचा खेळच होता. आम्ही नेहमी पलीकडं, कारण आबा कामावरनं उशिरा यायचे. त्यामुळं मी पहिल्यांदा बघितलेला सूर्यकांत डावखुरा होता. डाव्या हातानं घण घालणारा. आबांना मी विचारलं, लोहार डावरा असला तर चालतं का? ते हसले आणि म्हणाले, “पडद्याच्या मागनं बघितलं की समदं जग डावरं दिसतं.”

भालजी पेंढारकरांचा हा सिनेमा 1965 सालचा. जयश्री गडकर आणि सूर्यकांत हे लोहार नवरा-बायको. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. ‘ऐरणीच्या देवा’ हे गाणं जगदीश खेबुडकरांचं. ते इथंच शाळेत शिकवायचे. हे गाणं इतकं वाजलंय की आता ते ऐकूच येत नाही, कानावरनं नुसतं जातं. पण एकदा भट्टीजवळ वाढलेल्या माणसाच्या शेजारी बसून ते ऐकायला पाहिजे. ठिणगी हीच फुलं म्हणून देवाला वाहायची, ही कल्पना शहाण्या माणसाला सुंदर वाटते. आबांना ती सुंदर वाटत नसावी. त्यांना ती नुसती खरी वाटायची. गाणं चालू असताना त्यांचा उजवा हात मांडीवर हळूच उघडझाप करायचा. घणाचा ठेका आणि गाण्याचा ठेका जुळतो की नाही हे तो हात तपासत होता, असं मला फार पुढं वाटायला लागलं.

आणि गाणं झालं, पुढं त्या दोघांनी गाव सोडून शहराची वाट धरली, की आबा उठायचे. पहिल्यांदा वाटलं विडी ओढायला गेले. नंतर टीव्हीवर लागला तेव्हाही तिथंच उठले. पुढं सीडी आणली तेव्हाही. आईनं एकदा विचारलं, “आवं, फुडं बगा की, आता तर खरी इस्टोरी हाय.” आबा चप्पल पायात घालत म्हणाले, “फुडचं म्हाईत हाय मला.” एवढंच. शहरात आल्यावर त्यांचं काय झालं, पहिली काही वर्षं ते कुठं झोपायचे, कुणी फसवलं, कुणी सांभाळलं, यातलं एक अक्षर त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सिनेमातलं ते जोडपं शहरात येऊन काय काय भोगतं ते मी बघितलंय. त्यातलं किती आबांचं होतं हे विचारायची सोय नव्हती.

आबांना सिनेमावाल्यांबद्दल एक वेगळाच अभिमान होता, तो नटनट्यांचा नव्हता. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांची आठवण म्हणून. तिथनं जाताना आबा सायकलचा वेग कमी करायचे. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. परदेशी कॅमेरा विकत घ्यायला पैसा नाही, तर आपणच बनवू, म्हणून ते आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव खटपटीला लागले. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि त्याच घरच्या कॅमेऱ्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ काढला. आबांच्या लेखी या गोष्टीत सिनेमा दुय्यम होता. गिअर कसा कापला असेल, फिल्मची पट्टी नेमकी तेवढीच पुढं सरकावी याचा हिशोब कसा बसवला असेल, यावर ते अर्धा तास बोलायचे. घरात इतर कशावरही त्यांना मी इतकं बोलताना ऐकलं नाही. “शिणेमा आदी मिस्त्र्यांनी काढला,” म्हणायचे, “हिरोंचा मागनं झाला.”

त्या ‘सैरंध्री’त भीमानं कीचकाचं डोकं उडवल्याचं दृश्य इतकं खरं वाटलं की लोक थेटरात ओरडायला लागले, आणि शेवटी ते दृश्य काढून टाकावं लागलं. म्हणजे उठून जायची जागा कोल्हापूरच्या सिनेमाला पहिल्यापासूनच आहे म्हणायची. पुढं 1925 साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ केला. देवादिकांचे, राजामहाराजांचे सिनेमे निघत होते त्या काळात कर्जात बुडून जमीन गमावलेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. तो शेतकरी म्हणजे तरुण शांताराम, पुढचे व्ही. शांताराम. हा मूकपट आज बघायला मिळत नाही. ज्यांनी बघितला त्यांच्या लक्षात राहिली ती लांबून दिसणारी अंधारी झोपडी आणि तिथं रडणारं एक कुत्रं. मूकपटातलं कुत्रं, आवाज नाही, तरी लोकांच्या कानात राहिलं. मला हा सिनेमा न बघताच आवडतो. यादीत लिहिला असता तर ग्रुपवर कुणीतरी लिंक मागितली असती.

भालजींच्या जयप्रभा स्टुडिओची गोष्ट आबा वेगळ्या सुरात सांगायचे. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो पेटवला गेला. भालजींनी तो परत उभा केला. 2022 साली त्या जागेची विक्री झाल्याचं बाहेर आलं तेव्हा गावातले कलाकार, तंत्रज्ञ, साधी माणसं रस्त्यावर आली, उपोषणाला बसली. आबा तेव्हा नव्हते. असते तर गेले असते का? मला वाटतं गेले असते, आणि सगळ्यात मागं उभे राहून कुठलीच घोषणा न देता परत आले असते.

आता आजी.

आजी गावाकडची, पण आजोबा गेल्यावर आमच्याकडंच असायची. ‘संत तुकाराम’ टीव्हीवर लागायचा तो बहुतेक आषाढी एकादशीला, आणि त्या दिवशी आजीचा उपवास असल्यामुळं तिला स्वयंपाकघरात काम नसायचं. प्रभातचा हा सिनेमा 1936 चा, पुण्याचा. पण करणारे दामले आणि साहेबमामा फत्तेलाल दोघंही बाबूरावांच्या तालमीतले, आणि प्रभात कंपनी 1929 साली निघाली ती कोल्हापुरातच. 1933 साली पुण्याला गेली. त्यामुळं कोल्हापूरकर या सिनेमावर आपला हक्क सांगतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मुंबईत तो एकाच थेटरात सत्तावन्न आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस, नाटकात स्त्रीभूमिका करणारा माणूस, तुकोबा झाला आणि असा झाला की पुढं घरोघरच्या तसबिरींत तुकोबांचा चेहरा पागनीसांचाच आला. आमच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीतही तेच आहेत असं माझं ठाम मत आहे. आजीला हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

‘आधी बीज एकले’ हा अभंग शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेला, हे मात्र मी तिला सांगितलं होतं. तिला तो तुकोबांचाच वाटायचा, महाराष्ट्रात निम्म्या लोकांना वाटतो तसा. आजी म्हणाली, “लिवला आसंल त्येनं. पर म्हटला तुकोबानंच की.”

पण आजी सिनेमा बघायची तो तुकोबांसाठी नाही. तिची नजर आवलीवर. गौरी नावाच्या नटीनं ती अशी केली आहे की आजही ‘अभिनय’ हा शब्द तिच्याजवळ न्यायला संकोच वाटतो. शेणात हात, कंबर खोचलेली, तोंडाचा पट्टा सुरू, आणि त्या पट्ट्याच्या आत माया. पोर आजारी पडतं, नवरा विठ्ठल विठ्ठल करत बसलेला, तेव्हा ती एका हातानं त्या पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला मारायला. इथं आजी खुदूखुदू हसायची. तोंडावर पदर घेऊन, कारण समोर देव. पण हसायची. “बरं केलंस बाई,” असं कधी कधी पुटपुटायचीसुद्धा.

त्याचं कारण मला आईनं पुढं सांगितलं. आजोबा माळकरी. दर आषाढात वारीला जायचे. आमच्या भागात आषाढ म्हणजे रोपलावण. पाऊस कोसळतोय, चिखलात गुडघाभर पाय, कमरेत वाकून भाताची रोपं लावायची, घरी म्हैस, पदरात पोरं, आणि घरधनी पंढरपूरच्या वाटेवर टाळ वाजवत. गावात आजोबांना मान होता. परत आले की लोक पाया पडायचे. आजीही पडायची.

शेवटी विमान येतं, तुकोबा सदेह वैकुंठाला जातात, आवली खाली राहते. त्या वेळी घरातले सगळे हात जोडायचे. शेजारच्या काकू तर टीव्हीसमोर डोकं टेकवायच्या. आजी उठायची. गुडघ्यावर हात देऊन, हळूच. एकदा मी म्हटलं, “आजी, शेवट बघून जा की, वैकुंठ!” ती दारातच थांबली आणि म्हणाली, “त्यो बसला इमानात. आता म्हस कुणी पिळायची?”

सिनेमावरची बरीच जाडजूड पुस्तकं मी नंतर चाळली. ‘संत तुकाराम’चा याहून नेमका अभिप्राय मला त्यांत मिळाला नाही.

‘सामना’बद्दल थोडक्यात सांगते, कारण तो माझ्यापेक्षा काकांचा सिनेमा. काका गावीच राहिले. ऊस लावला, साखर कारखान्याचे सभासद झाले. जब्बार पटेलांचा सिनेमा, तेंडुलकरांचं लेखन, निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील, आणि त्याच्या साम्राज्यात उपटलेला लागूंचा दारुडा मास्तर. ऊसपट्ट्यात हा सिनेमा बघणं हा वेगळाच प्रकार असतो. हिंदूराव बोलायला लागला की आमचे काका आणि त्यांचे दोस्त एकमेकांना ढोसायचे, हसायचे, कुठल्या तरी चेअरमनचं नाव कुजबुजायचे. प्रत्येक गावाचा हिंदूराव वेगळा, हसू एकच. पण मास्तर जेव्हा मारुती कांबळेचं काय झालं असं विचारायला लागतो, आणि विचारतच राहतो, तेव्हा खोलीतलं हसू कमी कमी होत जायचं. मग काका उठायचे. “लाईट आली आसंल, मोटार सुरू करून येतो.” लाईट रात्री उशिरा यायची हे घरात लहान पोरालाही माहीत होतं.

‘फँड्री’त मात्र उठणारी मी. 2014 साली थेटरात बघितला तेव्हा रांगेच्या मधोमध बसले होते, उठता आलं नाही. जब्याच्या घरचे डुकराच्या मागं धावतायत, शाळेच्या भिंतीवरनं त्याचे वर्गमित्र बघतायत, टाळ्या, शिट्ट्या, हशा. आणि माझ्या मागच्या रांगेतही हशा. पडद्यावरचं हसू कुठं संपतं आणि थेटरातलं कुठं सुरू होतं हे कळेना. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते सगळं घर जागच्या जागी सावधान उभं राहतं. त्यालाही मागं कुणीतरी हसलं. मग जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्याकडं येतो, आणि पडदा काळा. मागची रांग गप्प झाली. दिवे लागल्यावर मी मागं वळून बघितलं नाही, ते चेहरे ओळखीचे निघाले असते तर काय करायचं? आता टीव्हीवर लागला की जब्याची काळी चिमणी, त्याची जीन्सची पँट, सगळं आवडीनं बघते. डुक्कर सुटलं की गच्चीवरचे कपडे काढायला जाते. पाऊस नसला तरी.

इथवर सगळे उठणारेच झाले. ‘श्वास’ या यादीत आहे तो एक माणूस उठला नाही म्हणून.

2004 साली ‘श्वास’ आला तेव्हा केवढं कौतुक झालं! ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. ऑस्करला पाठवायचा तर प्रचाराला पैसा नाही, म्हणून शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे दिले. मी तेव्हा बघितला, रडले, आणि इतर रडलेल्या सिनेमांबरोबर ठेवून दिला. कोकणातला आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात घेऊन येतो. डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. ऑपरेशनच्या आधी पोराला हे सांगायचं, आणि ते कुणी सांगायचं, यावर सिनेमा उभा आहे. अरुण नलावड्यांचा आजोबा फॉर्मवर सही करायला बसतो, ते बघताना मला हमखास माझ्याच हाताकडं बघावंसं वाटतं.

पुढं काही वर्षांनी आबांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला दाखवलं. रिपोर्ट दादाच्या हातात पडला, दादानं मला जिन्यात बोलावून दाखवला, आणि तिथंच आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की आबांना सांगायचं नाही. का? कुणास ठाऊक. सगळेच असंच करतात. आईला सांगितलं, ती म्हणाली, “त्यांना नगं.” मग घरात एक नाटक सुरू झालं. साधी गाठ आहे. शेक दिला की विरघळेल. फाईल कपाटात साड्यांच्या खाली. डॉक्टरांना आधी गाठून डोळ्यांनी खुणा. जो माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटानं ओळखायचा, त्याला आम्ही साधी गाठ म्हणून समजावत होतो आणि तो मान हलवत होता.

अशातच एका रविवारी दुपारी टीव्हीवर ‘श्वास’ लागला. मी घाईनं रिमोट शोधायला लागले. दादानं तर क्रिकेट लावायचं निमित्त काढलं. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” आवाज तेव्हाच बसायला लागला होता त्यांचा. आम्ही सगळे श्वास रोखून वाट बघत होतो, कधी उठतात. डॉक्टर आजोबाला समजावतो, उठले नाहीत. पोराला सांगितलं जातं, उठले नाहीत. ऑपरेशन पुढं ढकललं जातं, आजोबा पोराला घेऊन दवाखान्यातनं गुपचूप नाहीसा होतो, त्याला शेवटचं जग दाखवायला. इथं दादाच उठला आणि मोरीत जाऊन तोंड धुवायला लागला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी. आबा बसलेले. पाय खाली सोडून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवून.

शेवटी होडी, काळा चष्मा लावलेलं पोर, गाव जवळ येतं, सिनेमा संपतो. जाहिराती लागल्या. आबा म्हणाले, “पोराला सांगितलं ते बरं केलं.”

पुढं जरा थांबले, आणि म्हणाले, “त्या फाईलला साड्यांचा दाब पडून एक्स-रे वाकतील. वरच्या कप्प्यात ठेवा.”

नंतर घरात कुणी कुणाला काही समजावलं नाही. त्या दिवसापासून डॉक्टरांशी आबाच बोलायला लागले. कमी आवाजात, पण नेमकं, ड्रॉइंग वाचून प्रश्न विचारावेत तसं. लेथवरचं त्यांचं माप घ्यायचं कॅलिपर त्यांनी दादाच्या पोराला दिलं आणि ते कसं धरायचं ते शिकवलं. उरलेले महिने वाईट होते, सोपे नव्हते, पण त्यात खोटं नव्हतं. या एका गोष्टीसाठी संदीप सावंत नावाच्या दिग्दर्शकाचे मी मनोमन आभार मानते. त्यांना ते पोचायचं काही कारण नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, आता कुणी उठत नाही. आम्ही बंद करतो.” ती पुण्याला नोकरीला आहे, सिनेमे फोनवर बघते, गाणी आली की दहा-दहा सेकंद ढकलते. मला याचा राग येतो, पण ते जाऊ दे. तिचा आवडता सिनेमा ‘सैराट’. कितीही वेळा लावते. पण हैदराबादला त्यांचा संसार लागतो, बाळ होतं, आर्चीचा भाऊ माहेरच्या वस्तू घेऊन दारात येतो, आणि तिथं तिचं बोट पडतं. बंद. शेवट तिनं एकदाच बघितलाय, थेटरात, पहिल्यांदा. मी म्हटलं, अगं पण त्या शेवटासाठीच तर तो सिनेमा आहे. ती म्हणाली, “माहीत आहे मला पुढचं.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. आबा गेले तेव्हा ती लहान होती. ‘साधी माणसं’ तिनं बघितलेलाच नाही. तिच्या बोलण्यात कुणी मुलगा आहे का, असला तर कुणाच्या घरचा, हे त्या दिवशी मी विचारलं नाही. पण फोन ठेवताना मीच म्हटलं, दिवाळीला कुणाला घरी आणायचं असेल तर आण. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “बघू.”

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, आईला विचारायचं राहिलंच. आता सत्तरीच्या पुढं आहे. यादी करताना आजी, आबा, काका, दादा, लेक सगळे आठवले. आई कुठल्या सिनेमातनं कुठं उठायची ते काही केल्या आठवेना. शेवटी विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मी कवा उठायची? उठायला आदी बसाय नगं?”

खरंच की. प्रत्येक सिनेमात ती दाराच्या चौकटीला होती. एक कान कुकरच्या शिट्टीकडं. पलीकडच्या बाजूनं पडदा बघताना तर लहान भावाला मांडीवर थोपटत ती अर्धी पाठमोरीच असायची. सगळे सिनेमे तिनं तुकड्यातुकड्यांनी बघितलेत. ‘साधी माणसं’चा शेवट तिला माहीत आहे आणि मधला भाग नाही, ‘सामना’तला मास्तर तिच्या मते कीर्तनकार आहे.

“मग तुझा आवडता कुठला?”

“बनवाबनवी,” तिनं लगेच सांगितलं, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, चार पोरं आणि त्यातल्या दोघांनी नेसलेली लुगडी. मला वाटलं विनोदासाठी. तर म्हणाली, “तुज्या मावशीकडं गेलो हुतो तवा बगितला. तिनं सोयपाक केला, मला उठूच दिलं न्हाई. पैल्यापास्नं शेवटापतूर तेवढाच एक बगितलाय मी. बसून.”

मी फोनवर तो लावून तिच्यापुढं धरला. तिनं भाजीचं ताट माझ्याकडं सरकवलं, चष्मा पुसला, मांडी घालून नीट बसली.

“जरा मोठ्या टीव्हीवर लाव,” म्हणाली, “आणि भात लागंल बग, जा तू.”